टोमॅटो यायच्या आधीचं पातेलं



यंदा चातुर्मास सुरू झाला त्याच आठवड्यात जेवताना लेकीनं विचारलं, "मम्मी, आज्जीची आमटी रोज वेगळी का? टोमॅटो काय जमिनीखाली येतो?" ती नववीत आहे, प्रश्न सरळ विचारते. मी नेहमीचं उत्तर दिलं, "आज्जीचा त्याग आहे." त्यावर ती म्हणाली, "पण शास्त्रात टोमॅटो कुठे लिहिलाय?"

सासूबाई शांतपणे जेवत होत्या. मी मात्र गप्प झाले, कारण नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो विचारला नाही एवढंच. एकोणीस वर्षं मी दोन पातेली चढवत आले. मोठ्यात सगळ्यांचं कालवण, टोमॅटो घातलेलं. लहान पातेल्यात सासूबाईंचं. आणि खरं सांगायचं तर घाईच्या दिवशी त्या लहान पातेल्यात नुसती शिजलेली डाळ, मीठ आणि हळद एवढंच असायचं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून मला कधी लाज वाटली नाही.

लेकीच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून मी टोमॅटोचा इतिहास वाचायला घेतला. जे कळलं ते इथे लिहून ठेवते.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, अँडीज पर्वताच्या बाजूचा. त्याची शेती वाढली मेक्सिकोत. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' या शब्दावरून आपला टोमॅटो आला. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेक राजधानी जिंकली आणि त्यानंतर हे फळ युरोपात पोचलं. १५४४ मध्ये मत्तिओली नावाच्या इटालियन वैद्यानं त्याची नोंद केली, ती वांग्याचा एक नवा प्रकार म्हणून. आज ज्या इटलीचा टोमॅटो सॉस मुलं चाटूनपुसून खातात, तिथेही तो लगेच स्वयंपाकघरात शिरला नाही. नेपल्सच्या लातिनीनं टोमॅटोच्या सॉसची कृती छापली ती १६९२ च्या सुमाराला, आणि तीसुद्धा 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून. म्हणजे मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. बऱ्याच ठिकाणी लोक त्याला विषारी समजत.

आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या वाटेनं आला असं मानतात, पण घरोघरी पोचायला फार उशीर लागला. जॉर्ज वॉट यांचा भारतातल्या उपयुक्त वस्तूंचा मोठा कोश १८८९ ते १८९३ या काळात निघाला. त्यातली टोमॅटोची नोंद अशी, की तो मुख्यतः युरोपीय लोकांसाठी लावला जातो, इथल्या लोकांना आता कुठे आवडू लागला आहे, आणि बंगाली लोक आंबट कालवणात घालतात. बंगालीत त्याचं नावच मुळी 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगं. आपल्या विदर्भात जुनी माणसं त्याला भेदरं म्हणतात.

हे वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली. माझ्या सासूबाईंच्या आजेसासूबाईंच्या चुलीवर टोमॅटो बहुधा नव्हताच. मी ज्याला 'वेगळं पातेलं' म्हणत होते, ते या घरातलं जुनं पातेलं होतं. वेगळं होतं ते माझं, मोठं!

आपल्या भागाला जवळचा पुरावाही सापडला. तिसरा मंगरस या जैन कवीनं १५०८ च्या सुमाराला कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' लिहिलं. सगळा ग्रंथ शाकाहारी स्वयंपाकाचा. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. म्हणजे टोमॅटो, बटाटा, मिरची यांतलं काहीही आपल्या बाजूला पोचण्याआधी जैन माणसाला स्वयंपाकावर आख्खं पुस्तक लिहिण्याइतके पदार्थ माहीत होते. आणि गंमत म्हणजे त्यात वांग्याचे प्रकार आहेत. आज आपल्या कितीतरी घरांत वांगं बहुबीज म्हणून वर्ज्य आहे. म्हणजे काय चालतं आणि काय नाही, याबद्दल घराघरांत फरक तेव्हाही असणार.

आता लेकीचा प्रश्न. शास्त्रात टोमॅटो नाही, हे खरंच आहे. असणार कसा? आचार्यांच्या काळी तो या देशातच नव्हता. बटाटाही नव्हता, तरी आपण तो खात नाही, कारण नाव नसलं तरी कंदाचा नियम होता. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मुळा, ओलं आलं, लोणी, कडुलिंबाचं फूल, केवडा अशी काही नावं येतात. पण नावांपेक्षा महत्त्वाचं आहे त्यामागचं कारण: ज्यात मिळणारं फळ थोडं आणि जीवांचा घात जास्त, ते सोडावं. नवा पदार्थ गावात आला की त्याला या मापानं मोजायचं काम प्रत्येक पिढीला करावं लागलं.

टोमॅटो मोजताना एकमत झालं नाही. तो वांग्याच्याच कुळातला, बिया पुष्कळ, त्या गरात बुडालेल्या. म्हणून काहींनी त्याला बहुबीजात धरलं. आत कप्पे आहेत, कंद नाही, म्हणून काहींनी चालवून घेतला. दोन्ही प्रकारची श्रद्धाळू घरं मी पाहिली आहेत. ज्यांनी त्याला वांग्याच्या पंगतीत बसवलं ते अडाणी होते असं मला वाटायचं. पण मत्तिओलीनं तेच केलं, बंगालनं तेच केलं, आणि वनस्पतिशास्त्रही दोघांना एकाच कुळात ठेवतं.

काही जण म्हणतात, टोमॅटो परदेशी म्हणून नको. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात टोमॅटो-बटाटा घालत नाहीत, ती त्या मंदिराची परंपरा. पण आपल्याला हे कारण देता येणार नाही. मिरची अमेरिकेची, शेंगदाणा अमेरिकेचा, लाल भोपळासुद्धा तिकडचाच. चिंच मूळची आफ्रिकेची, फक्त इतकी जुनी झाली की अरबांनी तिला हिंदचं खजूर म्हटलं. मूळ गाव बघून पदार्थ वर्ज्य करायचा तर कोल्हापूर-सांगलीच्या ताटात फार काही उरणार नाही. आपला प्रश्न जीवदयेचा आहे आणि संयमाचा आहे.

संयमाचं मला नीट कळलं ते सासूबाईंकडून. एवढं सगळं वाचून झाल्यावर एका दुपारी त्यांच्याजवळ बसले आणि एकोणीस वर्षांत न विचारलेलं विचारलं, "आई, तुम्ही टोमॅटोच का सोडला? बहुबीज म्हणून?"

त्या हसल्या. "बहुबीज-बिहुबीज मला काय कळतंय? मला लई आवडायचा म्हणून सोडला."

माहेरी मळ्यात पाटाच्या कडेनं टोमॅटो लावलेले असायचे. शाळेतून आलं की फ्रॉकला पुसून, मीठ लावून तिथेच खायच्या. पुढे चाळिशीत गावात महाराजांचा चातुर्मास झाला, बायका काही ना काही सोडत होत्या. "कुणी कारलं सोडलं, कुणी शेपू. न आवडणारं सोडण्यात काय आलं? मी म्हटलं, मला टोमॅटो आवडतो, तोच द्या."

रत्नकरंड श्रावकाचारात त्याच जागी पुढे व्रताचा अर्थ सांगितला आहे, की जे घ्यायला योग्य आहे त्यापासूनही ठरवून दूर होणं म्हणजे व्रत. ठराविक काळापुरतं असेल तर तो नियम, जन्मभराचं असेल तर यम. सासूबाईंनी हे वाचलेलं नाही. पण टोमॅटो शास्त्रात आहे की नाही हा वाद त्यांच्या बाबतीत लागूच नव्हता. आणि अशा व्रताला मी डाळ-मिठाचं पातेलं दिलं होतं.

मागे एकदा वाढदिवसाला आम्ही सगळे सूर्यास्ताच्या आत जेवायला बाहेर गेलो होतो. 'जैन' म्हणून मागवलेली पनीरची भाजी लालभडक आली, कांदा-लसणाची सगळी उणीव टोमॅटोनं भरून काढलेली. आम्ही ताव मारला आणि सासूबाईंनी पापडाबरोबर रोटी खाल्ली. तेव्हा मला वाटलं, त्यांचं काय, त्यांना सवय आहे.

म्हणून या चातुर्मासात मी नियम घेतला: घरात एकच पातेलं. पहिले आठ दिवस चुकले. मग कळलं की टोमॅटोच्या जागी एकच वस्तू शोधणं हीच चूक. तो तीन कामं करतो: आंबटपणा, दाटपणा आणि रंग. तिन्ही कामं वेगवेगळ्यांना वाटून द्यायची.

आंबटासाठी आमटीला चिंच-गूळ, उसळीला आमसूल, कोरड्या भाजीला आमचूर. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर. दही वापरताना द्विदल सांभाळायचं, म्हणून जिथे डाळ किंवा बेसन आहे तिथे मी कच्चं दही घालतच नाही, आमसुलावर भागवते. दाटपणासाठी भाजलेले तीळ, सुकं खोबरं आणि वाफवून गाळलेला लाल भोपळा. रंगाला ब्याडगी मिरची. परदेशात टोमॅटोशिवायचा लाल सॉस बीट आणि गाजराचा करतात, पण ती दोन्ही कंदमुळं, आपल्याला उपयोगाची नाहीत. भोपळा ते काम चोख करतो.

चौघांच्या भाजीसाठी माझं माप असं: आठ-दहा आमसुलं कपभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची. चार ब्याडगी मिरच्या, दोन चमचे तीळ आणि मूठभर सुकं खोबरं भाजून बारीक वाटायचं. तेलात जिरं-हिंगाची फोडणी, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग दोन वाट्या भोपळ्याचा गर, मीठ, गुळाचा खडा. आमसुलाचं पाणी सगळ्यात शेवटी, थोडं थोडं चाखत. त्यात पनीर घाला, मूग घाला. हाच गर थोडा घट्ट ठेवून ओवा चुरडून घातला की लेकीच्या पास्त्याला चालतो.

पहिल्यांदा जमलं त्या दिवशी लेक म्हणाली, "हॉटेलसारखं नाही लागत." खरंच नाही लागत. पण तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सासूबाईंनी वाटी पुढे केली, मग थबकून विचारलं, "यातलं मला चालतंय न्हवं?"

"चालतंय, आई. सगळ्यांचं एकच आहे."

माझा नियम चातुर्मासापुरता आहे. पुढे टोमॅटो घरात आला तर कोशिंबिरीत येईल, ज्याला हवा त्यानं घ्यावा. पण कालवण आता एकाच पातेल्यात. लहान पातेलं मी दूध तापवायला घेतलंय.

जय जिनेंद्र.