खुंट्याची भिंत कुणी केली?

बेलारूसमध्ये २०२० साली लुकाशेन्को यांच्या राजवटीविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांच्या तोंडी तुरुंगाच्या भिंती पाडायला सांगणारं एक गाणं होतं. कवी आंद्रेय खदानोविच यांनी ते बेलारूसीत आणलेलं. त्याचं मूळ विचारलं की सगळे बोट दाखवतात कॅटालोनियाकडे: यूइस याक, १९६८, ‘लेस्ताका’.

चाल तिथलीच, वादच नाही. पण त्या गाण्यात भिंत औषधालाही सापडत नाही. तिथे आहे जमिनीत रोवलेला खुंटा. सगळे त्याला जखडलेले; सगळ्यांनी मिळून जोर लावला तर तो उपटेल, असं सिसेत आजोबा नातवाच्या वयाच्या पोराला समजावतात. हे आजोबाही हवेतले नव्हेत. बेझालू गावचे नार्सीस यान्सा, धंद्याने न्हावी, फ्रँकोचे कट्टर विरोधक. हुकूमशहाचं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून खुंटा.

मग भिंत आली कुठून? माझ्या मते पोलंडातून. १९७८ मध्ये २१ वर्षांच्या यात्सेक काचमार्स्कीने याच चालीवर ‘मुरी’, म्हणजे ‘भिंती’, लिहिलं. भाषांतरात प्रतिमा बदलायचीच, म्हणून ‘मुरी’ हे ‘लेस्ताका’चंच पोलिश रूप, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. काचमार्स्कीच्या गाण्यात ना आजोबा, ना खुंटा. तिथे एक गायक आहे आणि त्याचं गाणं उचलून धरणारा जमाव. याकला ऐकताना या पोराच्या कानात शब्दांपेक्षा त्याच्यामागे गाणारे श्रोते जास्त भरले असणार, हा माझा अंदाज, आणि मी तो सोडणार नाही. कारण शेवटचं कडवं. जमाव पुतळे पाडत निघतो, आपला कोण नि परका कोण ते ठरवतो, गायक एकटा उरतो आणि भिंती पडायच्या ऐवजी वाढत जातात. न्हावीबुवांचा सल्ला इथे पार उलटा झालाय. याला भाषांतर कसं म्हणायचं? हे उत्तर आहे, तेही चांगलंच तिरकस.

गंमत पुढे आहे. १९८० मध्ये पोलंडात ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली आणि तिने हेच गाणं आपलं केलं. शेवटचं कडवं गाळलं, ध्रुपद तेवढं ठेवलं. आपलं गाणं जमावावरच्या अविश्वासाचं आहे, हे काचमार्स्की सांगत राहिला, ऐकतो कोण! गायकाचं जे होईल असं त्याने लिहिलं होतं, तेच त्याच्या वाट्याला आलं. डिसेंबर १९८१ मध्ये मार्शल लॉ लागला तेव्हा तो फ्रान्समध्ये होता. पुढची कैक वर्षं परदेशातच गेली.

रशियात ‘अर्कादी कोत्स’ या गटाने २०१२ मध्ये ही चाल उचलली, तेव्हा त्यांच्याही ध्रुपदात तुरुंग आणि भिंतीच. कॅटालोनियाचा मान चालीपुरता; भिंतीचं श्रेय काचमार्स्कीलाच द्यायला हवं. ‘मुरी’ ऐकणार असाल तर त्याच्याच आवाजात ऐका, आणि शेवटच्या कडव्याआधी बंद करू नका.