तान्ह्या बाळाच्या पोटात गॅस: आराम कसा द्यावा आणि काय टाळावे

दिवसभर शांत असलेले महिन्याभराचे बाळ संध्याकाळी सात-आठच्या सुमारास एकदम रडायला लागते. तोंड लालबुंद होते, मुठी आवळल्या जातात, पाय पोटाशी ओढले जातात, पोट हाताला कडक लागते. अंगावर घेतले तर दोन घोट पिऊन पुन्हा रडते. मग घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणते घुटी द्या, कुणी म्हणते ओव्याचे पाणी पाजा, कुणी औषधाच्या दुकानातून थेंब घेऊन येते. आणि बाळंतिणीला ऐकावे लागते, "तू काय खाल्लंस आज?"

ही तक्रार मी दवाखान्यात नेहमी ऐकते. म्हणून दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगते. पहिली, वजन नीट वाढत असलेल्या बहुतेक बाळांमध्ये हा त्रास धोक्याचा नसतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतो. दुसरी, घाबरून बाळाच्या तोंडात घातलेले काही उपाय मात्र नक्कीच धोक्याचे असतात. अशा वेळी बाळाला औषधापेक्षा तुमच्या हातांची गरज जास्त असते.

पोटात गॅस का होतो?

दूध पिताना बाळ थोडी हवा गिळते. स्तन नीट पकडला नसेल, दूध फार वेगाने येत असेल किंवा बाटलीच्या बुचात हवा असेल, तर ती जास्त गिळली जाते. शिवाय बाळाची आतडी अजून दूध पचवायला शिकत असतात, त्यामुळे दिवसातून अनेकदा वारा सरणे हे अगदी सामान्य आहे.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बाळ रडते तेव्हाही हवा गिळते आणि जोर लावल्यामुळे त्याचे पोट कडक होते. म्हणजे गॅसमुळे बाळ रडते तसे पुष्कळदा रडण्यामुळेही गॅस होतो. म्हणूनच बाळ भुकेचे पहिले इशारे देते (हात तोंडात घालणे, मान वळवून स्तन शोधणे), तेव्हाच दूध पाजावे. रडून लाल होईपर्यंत थांबू नये.

गॅस, कोलिक की नुसते कुंथणे?

गॅस: बाळ चुळबुळ करते, पाय झाडते आणि ढेकर आली किंवा वारा सरला की मोकळे होते.

कोलिक (पोटशूळ): दिवसातून तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस, समजूत न पटणारे रडणे. हे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत संपते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत. इतर वेळी बाळ छान पिते, झोपते, वजन वाढते. कोलिकचे नेमके एक कारण अजून सापडलेले नाही. अंगावर पिणाऱ्या आणि वरचे दूध घेणाऱ्या, दोन्ही बाळांना ते होते.

कुंथणे: बाळ दहा-वीस मिनिटे कुंथते, रडते, लाल होते आणि मग मऊ शी करते. ही बद्धकोष्ठता नाही. जोर लावताना गुदद्वार सैल सोडायचे, हे त्याला अजून जमत नसते. यासाठी साबणाची कांडी किंवा एरंडेल लावलेले विड्याच्या पानाचे देठ आत घालू नका. महिन्यानंतर अंगावरचेच दूध पिणारी काही बाळे तीन-चार दिवस शी करत नाहीत. शी मऊ असेल आणि बाळ आनंदात असेल तर काळजी नको.

गॅस आहे असे ठरवण्याआधी भूक, ओले दुपटे, उकाडा आणि झोप या चार गोष्टी पाहा. अंगातले झबले, मोजे काढून हातापायांची बोटे आणि शूची जागाही तपासा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. त्यातला एखादा बोटाला घट्ट गुंडाळला गेला की बोट सुजते आणि बाळ थांबता थांबत नाही.

दूध पाजताना काय सांभाळावे?

- बाळाचे डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याचे पोट आईच्या पोटाला टेकवावे. तोंड मोठे उघडल्यावर फक्त बोंड नाही, तर भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्यावा. हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे.
- एका बाजूचे दूध पुरते पिऊन होऊ द्यावे, मग दुसरी बाजू द्यावी. घड्याळ लावून बाजू बदलू नये.
- वरचे दूध द्यावेच लागत असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडले बाटलीपेक्षा बरे, कारण ते स्वच्छ ठेवणे सोपे असते. बाटलीच वापरत असाल तर बूच सतत दुधाने भरलेले राहील इतकी ती तिरकी धरा. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला आणि फेस बसल्यावर पाजा.

ढेकर कशी काढावी?

बाजू बदलताना आणि पाजून झाल्यावर ढेकर काढावी. तीन पद्धतींपैकी बाळाला जी रुचेल ती निवडा.

1. खांद्यावर: बाळाची हनुवटी तुमच्या खांद्यावर येईल असे उभे धरा. एक हात बुडाखाली, दुसऱ्याने पाठीवर हलके थोपटा.
2. मांडीवर बसवून: तळहाताने छाती आणि बोटांनी जबड्याला आधार द्या, गळा दाबू नका. बाळाला किंचित पुढे झुकवून पाठ चोळा.
3. मांडीवर पालथे: डोके छातीपेक्षा थोडे वर आणि एका कुशीला ठेवून पाठीवर हात फिरवा.

जोरात थापटायची गरज नाही. पाच मिनिटांत ढेकर आली नाही तर आग्रह सोडा. प्रत्येक वेळी ती येतेच असे नाही. ढेकरेबरोबर थोडेसे दूध बाहेर आले तरी चालते.

बाळ कळवळत असताना

- त्याला छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून धरा. बरीच बाळे एवढ्यानेच शांत होतात.
- हातावर पालथे घ्या: पोट तुमच्या हातावर, डोके कोपराच्या घडीत. तसेच घरात सावकाश फिरा.
- उताणे ठेवून दोन्ही पाय सायकलसारखे हळूहळू फिरवा. मग गुडघे पोटाकडे नेऊन काही क्षण धरा आणि सोडा.
- कोमट तेलाच्या हाताने बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकी मालीश करा. पायांचा व्यायाम आणि मालीश पाजल्यानंतर निदान अर्ध्या तासाने करा.
- दिवे मंद करा, पाहुण्यांची वर्दळ थांबवा. पंख्याचा एकसुरी आवाज किंवा अंगाई, दोन्हींचा उपयोग होतो.

एक उपाय पाच-दहा मिनिटे करून पाहा, मग दुसरा. दर मिनिटाला पद्धत बदलली की बाळ आणखी बिथरते. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच झोपवा. पालथे झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो.

काय देऊ नये, काय करू नये?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. घुटी, ओव्याचे पाणी आणि ग्राइप वॉटर यांची गरज नसते. सहाणेवर उगाळलेल्या घुटीत कशाचे किती प्रमाण गेले ते कळत नाही आणि जंतू मात्र जाऊ शकतात. मध वर्षभर अजिबात चाटवू नका. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पोटदुखीच्या थेंबांच्या बाटलीवरची नावे वाचा. डायसायक्लोमिन हे औषध सहा महिन्यांखालील बाळाला देऊ नये. त्याने श्वास अडकणे, झटके येणे असे प्रकार घडलेले आहेत. मागच्या बाळाच्या वेळची उरलेली बाटली किंवा शेजाऱ्यांनी सुचवलेले थेंब म्हणूनच नकोत. सिमेथिकोन तुलनेने सुरक्षित आहे, पण कोलिकमध्ये त्याचा खास फायदा दिसलेला नाही.

बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायची पद्धत घरोघरी आहे. नाळ पडून बेंबी पूर्ण सुकेपर्यंत तो नकोच आणि त्यानंतरही त्वचा लाल झाली तर लगेच पुसा. कापूर आणि बाम तान्ह्या बाळाला लावू नका. कापराने झटके येऊ शकतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवू नका.

मेळघाटासारख्या भागात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या लोखंडाने डागण्याची प्रथा आहे. त्याने गॅस जात नाही. भाजलेल्या जागेतून जंतुसंसर्ग होतो, खरा आजार मागे राहतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

आईने पथ्य पाळावे का?

आईच्या पोटातला गॅस दुधातून बाळाकडे जात नाही. त्यामुळे डाळी, कोबी, वांगे सरसकट बंद करू नका. बाळंतिणीला पोटभर, चौरस जेवण हवे. चहा-कॉफी मात्र बेताने घ्या. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा अंगावर सतत पुरळ असेल तर गाई-म्हशीच्या दुधाची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे आईच्या आहारातून दूध वगळून पाहतात.

लगेच रुग्णालयात कधी न्यावे?

- हिरवी किंवा रक्ताची उलटी, प्रत्येक वेळी पिचकारीसारखी दूर उडणारी उलटी
- पोट फुगून ताठ राहणे, शी आणि वारा दोन्ही बंद
- शीमध्ये रक्त
- 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा अंग थंड पडणे
- दूध न ओढणे, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू, वजन न वाढणे
- बाळ मलूल, रडणे क्षीण किंवा वेगळेच किंचाळल्यासारखे
- श्वास जोरात चालणे, ओठ निळे पडणे, टाळू फुगणे
- जांघेत किंवा अंडकोशात गाठ, सूज

यातले एकही लक्षण असेल तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात 108 वर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते.

तुमचाच धीर सुटत असेल तर

रात्री दोन वाजता, तासभर फेऱ्या मारूनही बाळ थांबत नसेल तर राग येतो. याची लाज वाटून घेऊ नका. पण बाळाला कधीही जोरात हलवू नका, गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, पाच-दहा मिनिटे बाहेर जा, पाणी प्या, कुणाला तरी उठवा. एकटी आई सगळे करू शकत नाही. बाबा, आजी, मावशी यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. दोन आठवड्यांहून जास्त काळ आईला सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांशी बोला किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात आले तर त्याच दिवशी मदत घ्या, आईला एकटे सोडू नका.

संध्याकाळच्या रडण्याची वेळ, दूध आणि शू-शीची नोंद चार-पाच दिवस वहीत ठेवा. तपासायला याल तेव्हा ती वही बरोबर आणा. आम्हाला त्यातून पुष्कळ कळते. आणि बहुतेक वेळा ती चाळताना तुमच्याही लक्षात येते की बाळ वाढते आहे आणि रडणे हळूहळू कमी होते आहे.