शेवटच्या गावाची गाडी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एसटीत काय सुधारणा झाल्या असे कुणी विचारले, की आपण चटकन गाड्यांची नावे सांगू लागतो. एशियाड, हिरकणी, शिवनेरी आणि आता विजेवर धावणारी शिवाई. यांतली दोन नावे जुन्नर तालुक्यातून आलेली आहेत. शिवनेरी हा तिथला किल्ला आणि शिवाई ही त्या किल्ल्यावरची देवी. गंमत अशी, की जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातल्या माणसाच्या वाट्याला आजवर प्रामुख्याने आला तो साधा लाल डबा. आज बोलायचे आहे ते या लाल डब्याबद्दल आणि भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावांबद्दल.

या मुलखाला वाहतूक नवी नाही. जुन्नरच्या पश्चिमेचा नाणेघाट सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, वाहता होता. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे आजही सांगतात. भीमाशंकरला कोकणातून येणारे यात्रेकरू खांडसकडून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने चढत. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी दिलेली घंटा भीमाशंकरला आहे. ती अवजड घंटा घेऊन माणसांनी आणि जनावरांनी हा डोंगर कसा चढला असेल, याचा विचार करून पाहावा. म्हणजे वाटा होत्याच. नव्हती ती ठरलेल्या वेळी येणारी आणि कुणालाही परवडणारी गाडी.

मोटारी आल्या त्या खासगी मालकांच्या. गाडी भरेल तेव्हा सुटायची आणि भाडे मालक सांगेल ते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने काही शिस्त आली, पण वेळापत्रकाचा भरवसा आला नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक हाती घेतली आणि १ जून १९४८ रोजी पहिली एसटी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे अशी धावली. किसन राऊत हे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. वाटेतल्या गावांनी त्या गाडीचे कौतुकाने स्वागत केले. पुढे १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला, महाराष्ट्र राज्य झाल्यावर महामंडळाला आजचे नाव मिळाले आणि ‘गाव तेथे एसटी’ हे वाक्य घरोघरी पोचले.

हे वाक्य प्रत्यक्षात आणायला एक साधी युक्ती उपयोगी पडली. ती म्हणजे मुक्कामी गाडी. आगारातून पहाटे निघालेली गाडी डोंगरातल्या शेवटच्या गावात पोचेपर्यंत उन्हे वर येतात. तोवर घोडेगावची शाळा भरलेली असते, मंचरचा बाजार अर्धा झालेला असतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच गावात यायची, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपायचे आणि पहाटे गाव घेऊन निघायचे. त्या गाडीतून शाळेची मुले जात, कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी जाई, हिरडा विकायला निघालेली आदिवासी बाई जाई, बाळंतीणही दवाखान्यात जाई. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाचा जेवणाचा डबा वाहकाच्या हाती देण्याची पद्धत तर महाराष्ट्रभर होती. स्वित्झर्लंडमध्ये १९०६ पासून टपाल खात्याच्या पिवळ्या मोटारी टपालाबरोबर प्रवासीही डोंगरातल्या गावांपर्यंत नेऊ लागल्या. आपल्याकडे तेच काम एसटीने केले.

या भागात गावांनाच जागा बदलावी लागली. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, तेच गाव पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. नकाशावरून गाव गेले, तरी उठलेल्या माणसांना बाजार, शाळा आणि कचेरी गाठायची होतीच. अशा वेळी नव्या वस्तीपर्यंत एसटी येते की नाही, यावर तिथले बिऱ्हाड टिकणार की मोडणार हे ठरते.

एसटी आणि गाव यांचे नाते किती जवळचे असते, हे ३० जुलै २०१४ रोजी सगळ्या देशाला कळले. त्या पहाटे आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला याचा पत्ता नव्हता. त्या वाटेने नेहमीप्रमाणे गेलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना. त्यानेच ही बातमी बाहेर पोचवली आणि मदतीची हालचाल सुरू झाली. त्या दिवशी तिकडे फेरी नसती, तर ही बातमी कळायला किती वेळ लागला असता?

आणि नेमक्या अशाच फेऱ्या हिशेबात तोट्याच्या ठरतात. एसटीचे गणित असे, की हमरस्त्यावरच्या भरलेल्या गाड्यांनी कमवायचे आणि डोंगरातल्या अर्ध्या रिकाम्या गाड्यांवर खर्च करायचे. पण हमरस्त्यावरचे प्रवासी जीपवाल्यांनी आणि खासगी आरामगाड्यांनी उचलले. त्यातच तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर. उत्पन्न आटले, की कात्री पहिल्यांदा लागते ती आडगावच्या फेरीला. करोनात २०२० च्या मार्चमध्ये चाके थांबली. पुढे २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचे दुखणे खरे होते. पण इतके महिने गाडी आली नाही, की गाव दुसरी सोय शोधते, आणि मग ‘प्रवासी नाहीत’ म्हणून फेरी परत येत नाही.

सुधारणा झाल्या नाहीत असे मुळीच नाही. १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीच्या वाढदिवशी, पुणे-अहमदनगर मार्गावरच पहिली शिवाई धावली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. नारायणगाव आणि राजगुरुनगरच्या जोडीला मंचरलाही आगार झाले. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरसाठी जादा गाड्या सुटतात. अभयारण्याच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लावण्यापेक्षा एसटीने जाणे भाविकाच्या सोयीचे आणि शेकरूच्याही हिताचे.

पण तिकीट अर्धे झाले, तरी ते काढायला गाडी दारात यावी लागते. यात्रा आठ-पंधरा दिवसांची असते, तळेघर-पोखरीच्या मुलीची शाळा वर्षभर असते. म्हणून एसटीच्या नव्या योजनेची बातमी वाचाल, तेव्हा किती नव्या गाड्या आल्या एवढेच पाहू नका. त्यांतल्या किती गाड्या डोंगरातल्या गावी मुक्कामाला जाणार आहेत, हेही विचारा. पहिल्या गाडीला हार घालणाऱ्या माणसांना एसटीकडून हवी होती ती हीच खात्री, की उद्या सकाळी गाडी असेल.