त्याला मी 'फोटो' म्हटलं होतं

१० एप्रिल २०१९. दुसऱ्या दिवशी विदर्भातल्या सात जागांचं मतदान होतं. बूथ, ईव्हीएम, बंदोबस्त यापलीकडे आम्हाला काही सुचत नव्हतं. संध्याकाळी साडेसहानंतर एक चित्र आलं. काळ्या पार्श्वभूमीवर धूसर नारिंगी कडं आणि मध्ये अंधार. आतल्या पानावर जागा होती. मी मथळा टाकला, 'कृष्णविवराचा पहिला फोटो', आणि परत मतदान केंद्रांच्या यादीला लागलो.

दोन दिवसांनी एका निवृत्त मास्तरांनी टपरीवर गाठलं. "ज्यातून प्रकाशच बाहेर येत नाही, त्याचा फोटो कसा निघाला रे? आणि हा रंग कुठला?" मला उत्तर देता आलं नाही. बाजूचा एक जण लगेच म्हणाला, "सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं असतं हो." तेही मला खोडता आलं नाही. आपण छापलेल्या मथळ्याचा बचाव करता येऊ नये, याची लाज वाटली आणि मग वाचायला घेतलं.

मास्तरांचा प्रश्न जुनाच आहे. १७८३ साली जॉन मिशेल या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवलंय की एखादा तारा इतका प्रचंड असू शकेल की त्याचा प्रकाश त्यालाच सोडून जाऊ शकणार नाही. मग तो कळणार कसा? मिशेलचं उत्तर असं, की त्याच्याभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याच्या चालीवरून. म्हणजे स्वतः न दिसणारा आपल्या शेजाऱ्यामुळे पकडला जाणार. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर जवळपास असंच सापडलं, ताऱ्यांच्या फेऱ्या वर्षानुवर्षं मोजून. त्या कामाला २०२० चं नोबेल मिळालं.

पण ते दिसेल कसं, हे आधी कागदावर आलं. फ्रान्समध्ये मदाँच्या वेधशाळेत झां-पिएर ल्युमिने नावाचा तरुण संशोधक होता. त्याने पंचकार्डावर चालणाऱ्या आयबीएम ७०४० यंत्रावर हिशेब केला की कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरत असेल तर तिचा प्रकाश वाकून आपल्यापर्यंत कसा येईल. आकडे आले, पण चित्र काढून देणारं यंत्र हाताशी नव्हतं. मग गड्याने कागद आणि काळी शाई घेतली आणि हाताने एकेक ठिपका दिला. जिथे प्रकाश जास्त, तिथे ठिपके दाट. नंतर त्याचं निगेटिव्ह काढलं आणि काळ्याचं उजळ झालं. १९७९ साली ते छापून आलं. त्यात तबकडीचा मागचा भाग, जो झाकला जायला हवा, तो वरून कमानीसारखा दिसतो, कारण मागून निघालेला प्रकाश वळसा घालून पुढे येतो. आणि एक बाजू ठळक, दुसरी फिकी. जो वायू आपल्या दिशेने धावतो तो जास्त उजळ दिसतो. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' सिनेमात हा फरक मुद्दाम काढून टाकला, प्रेक्षक गोंधळू नये म्हणून. हाताने काढलेलं चित्र त्या बाबतीत जास्त खरं!

(आपल्याकडे हा शब्द त्याच्याही आधी कथेत आला होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव 'नारायण विनायक जगताप'. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर सापडतात.)

आता ते नारिंगी कडं. ते एम-८७ या दीर्घिकेतलं, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. एप्रिल २०१७ मध्ये हवाईपासून दक्षिण ध्रुवापर्यंत सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून पृथ्वीएवढी एक दुर्बीण केली. माहिती इतकी झाली की इंटरनेटवरून पाठवणं शक्य नव्हतं, हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. पकडल्या होत्या त्या १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरी. त्यांना डोळ्यांना दिसणारा रंगच नसतो. नारिंगी माणसांनी निवडला. आणि मधला अंधार म्हणजे नेमकं कृष्णविवर नव्हे. ती त्याची सावली, त्याच्या सुमारे अडीच पट मोठी.

मग टपरीवरचा तो म्हणत होता तसं बनवलेलंच की? अडचण खरीच होती. दुर्बिणी मोजक्या, मधल्या जागा रिकाम्या, त्यामुळे त्याच माहितीत अनेक चित्रं बसू शकतात. म्हणून चार गट केले आणि सात आठवडे एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलं. जुलै २०१८ मध्ये चौघांनी चित्रं शेजारी ठेवली. चारही कडी, चारही खालच्या बाजूला ठळक. त्यानंतर मुद्दाम बनावट माहिती भरून पाहिलं, कडं नसताना आपली पद्धत कडं दाखवते का. दाखवली नाही. एका बातमीसाठी चार वार्ताहर असे वेगवेगळे बसवलेले मी तरी वीस वर्षांत पाहिले नाहीत.

तेव्हा 'फोटो' हा शब्द ढिलाच होता. 'रेडिओ लहरींवरून तयार केलेलं चित्र' म्हणायला हवं होतं, फार तर अर्धी ओळ वाढली असती. आणि 'खोटं' म्हणणारेही चुकलेच. जानेवारी २०२४ मध्ये २०१८ सालच्या निरीक्षणांवरून काढलेलं चित्र आलं. कड्याचा आकार तेवढाच, फक्त ठळक भाग साधारण तीस अंशांनी सरकलेला. कृष्णविवराचं वस्तुमान एका वर्षात बदलत नाही, भोवतालचा वायू मात्र खळबळत असतो.

दोन्ही चित्रं प्रिंट काढून मास्तरांना नेऊन दिली. चष्मा लावून बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "आता रंगाचं सांग."