लायकाचा पिंजरा : दार आतून न उघडणाऱ्या प्रशिक्षणाचा इतिहास

#थ्रेड

१/११
पाळीव कुत्र्याला क्रेटची सवय लावताना घाई करू नये, असे प्रत्येक जाणकार सांगतो. आधी दार उघडे ठेवावे, मग काही मिनिटे लावावे, मग काही तास. विसाव्या शतकाच्या मध्यास मॉस्कोतील एका संस्थेत याच क्रमाक्रमाच्या तत्त्वाचा वेगळ्या हेतूने वापर झाला. तिथे मुदत वाढत गेली आणि पिंजरा लहान होत गेला.

२/११
दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने अग्निबाणांतून प्राणी पाठवण्याचे ठरवले. अमेरिकेने माकडे निवडली होती. सोव्हिएत वैद्यक पथकाचे प्रमुख व्लादिमीर याझदोव्स्की यांनी कुत्र्यांना पसंती दिली, आणि तीही मॉस्कोच्या रस्त्यांवरील भटक्या कुत्र्यांना. ज्यांनी भूक आणि रशियन हिवाळा सोसला आहे, ती यातनाही सोसतील, असा त्यामागचा हिशोब होता.

३/११
निवड झाली ती प्रामुख्याने माद्यांची. मूत्रविसर्जनासाठी त्यांना पाय उचलावा लागत नाही. अरुंद कुपीत ही बाब निर्णायक होती. वजन सहा-सात किलोंच्या आसपास हवे होते. फिकट रंगाला प्राधान्य मिळाले, कारण कॅमेऱ्यात तो स्पष्ट दिसे.

४/११
२२ जुलै १९५१ रोजी देझिक आणि त्सिगान ही जोडी सुमारे १०० किलोमीटर उंची गाठून सुखरूप परतली. आठवड्याभरातच देझिक दुसऱ्या उड्डाणात मरण पावली. त्सिगानला मात्र शास्त्रज्ञ अनातोली ब्लागोनरावोव यांनी आपल्या घरी नेले. ही उड्डाणे काही मिनिटांचीच होती. पृथ्वीभोवती फिरायचे तर कित्येक दिवस कुपीत राहावे लागणार होते. खरा प्रश्न तिथे सुरू झाला.

५/११
म्हणून ‘कोंडून राहण्याचे’ प्रशिक्षण आखले गेले. कुत्र्यांना टप्प्याटप्प्याने अधिकाधिक लहान पिंजऱ्यांत ठेवले जाई आणि ही मुदत २० दिवसांपर्यंत नेली जाई. जोडीला कंपनयंत्र होते, गरगर फिरवणारे यंत्र होते, आणि वजनरहित अवस्थेत सांडणार नाही असे जेलीसारखे घट्ट अन्न होते.

६/११
शरीराने या व्यवस्थेला विरोध केला. लहान पिंजऱ्यात कुत्री मलमूत्रविसर्जनच थांबवत. ती अस्वस्थ होत आणि त्यांची प्रकृती ढासळे. रेचके देऊनही उपयोग झाला नाही. आपली निजण्याची जागा घाण न करण्याची कुत्र्यांची प्रवृत्ती सर्वज्ञात आहे. घरगुती क्रेट-प्रशिक्षण तिचाच आधार घेते. इथे तीच प्रवृत्ती अडथळा ठरली होती. अखेर दीर्घ सरावानेच ती मोडली.

७/११
४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ ने जगाला थक्क केले. लगेच ख्रुश्चेव यांना नोव्हेंबरमधील ऑक्टोबर क्रांतीच्या ४० व्या वर्धापनदिनासाठी आणखी एक चमत्कार हवा झाला. हाती जेमतेम चार आठवडे होते. तेवढ्या वेळात यान बांधता येत होते, पण ते सुखरूप परत आणण्याची यंत्रणा बनवता येत नव्हती. जाणाऱ्या कुत्रीचा मृत्यू उड्डाणापूर्वीच ठरलेला होता.

८/११
तीन कुत्र्यांपैकी अल्बिना राखीव राहिली आणि मुश्कावर उपकरणांच्या चाचण्या झाल्या. निवड झाली ती शांत स्वभावाच्या लायकाची. उड्डाणापूर्वी याझदोव्स्की तिला मुलांबरोबर खेळण्यासाठी स्वतःच्या घरी घेऊन गेले. तिचे थोडेच आयुष्य उरले आहे हे ठाऊक असल्याने तिच्यासाठी काहीतरी चांगले करावे असे आपल्याला वाटले, असे त्यांनी पुढे लिहिले.

९/११
३१ ऑक्टोबरला लायकाला कुपीत बसवण्यात आले. तिला बसता, उठता, आडवे होता येई. वळता मात्र येत नसे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी यान झेपावले, तेव्हा तिच्या नाडीचे ठोके मिनिटाला १०३ वरून २४० वर गेले. ते पूर्ववत होण्यास सुमारे तीन तास लागले. कुपीतील तापमान मात्र वाढतच राहिले.

१०/११
ती कित्येक दिवस जगली आणि वेदनेविना गेली, असे जगाला दीर्घकाळ सांगितले गेले. उड्डाणानंतर अवघ्या पाच ते सात तासांत अतिउष्णतेने आणि ताणाने तिचा मृत्यू झाल्याचे रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव यांनी २००२ मध्ये उघड केले. तिचे यान १४ एप्रिल १९५८ रोजी वातावरणात जळून गेले. तिला प्रशिक्षण देणाऱ्यांपैकी ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये खेद व्यक्त केला. त्या मोहिमेतून मिळालेले ज्ञान तिच्या मृत्यूचे समर्थन करण्याइतके मोठे नव्हते, असे त्यांचे मत झाले होते.

११/११
१९ ऑगस्ट १९६० रोजी बेल्का आणि स्त्रेल्का अवकाशात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी जिवंत परतल्या. पुढे स्त्रेल्काला सहा पिल्ले झाली. त्यांतील पुशिंका १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाकडे भेट म्हणून पोहोचली. या दोघींना लायकापेक्षा वेगळे धैर्य शिकवले गेले नव्हते. फरक यानात होता : त्यांच्या यानाला परतीची सोय होती. लायकाने आपल्या वाट्याचे सारे काही १९५७ मध्येच शिकून घेतले होते. कोंडून घेणाऱ्या प्राण्याला दार पुन्हा उघडेल हा विश्वास देणे, ही दार लावणाऱ्याची जबाबदारी असते. त्या चार आठवड्यांच्या घाईत अपुरी राहिली ती हीच बाजू.

#इतिहास #अंतराळ #लायका