फ्रिजमध्ये बर्फ होत नाही? ‘गॅस संपला’ म्हणण्याआधी हे तपासा

नंदुरबार, शहाद्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमका तेव्हाच फ्रिजमधला बर्फ रुसतो. मेकॅनिक येतो, मागे हात लावून सांगतो, ‘गॅस संपलाय.’ धडगावात राहत असाल तर तो तळोद्याहून चांदसैली घाट चढून आलेला असतो, त्यामुळे नाही म्हणवत नाही.

पण फ्रिजचा गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतो, संपत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार आणि पैसेही. म्हणून पहिला प्रश्न विचारा, ‘लीक कुठे आहे?’

त्याआधी व्होल्टेज बघा. संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की ते पडतं. एलईडी दिवा जळतो, पण कॉम्प्रेसर गुणगुणतो, ‘टक्’ करून बंद पडतो. इथे इलाज स्टॅबिलायझर. लाइट गेली तर परत आल्यावर पाचेक मिनिटांनी फ्रिज सुरू करा.

दाराचं रबर तपासायला दारात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर गार हवाही तिथूनच निघतेय. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर पुढे ओढा. नव्या फ्रिजच्या बाजू गरम लागतात, कारण उष्णता तिथूनच बाहेर पडते.

सिंगल डोअर फ्रिजमध्ये हिमाचा जाड थर साचला तर बर्फ होणं उलट मंदावतं. फ्रिज बंद करून तो वितळू द्या. सुरी, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको! फ्रीझरच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे पेट घेणारा आयसोब्युटेन असतो. भोक पडलंच तर खिडक्या उघडा, काडी पेटवू नका, कुठलंही बटण दाबू नका.

आपोआप बर्फ पाडणारा आइसमेकर असेल, तर आधी त्याची तार किंवा दांडी वर अडकली नाही ना, ते पाहा. वर असेल तर तो बंदच राहतो. मग पाण्याचा दाब. अनेक आइसमेकरना साधारण १.४ बार लागतो; १० मीटर उंचीवरची टाकी जेमतेम १ बार देते. घराच्या गच्चीवरची टाकी तर तीन-चार मीटरवरच असते. अशा वेळी मशीन बदलून उपयोग नाही, छोटा प्रेशर पंप लागतो.