टॅपरूममधला ‘ताप’

वीकेंडला टॅपरूम हा आम्हा आयटीवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम. ताजी बिअर, चांगलं खाणं, टेबलावर एखादा बोर्ड गेम, आणि सोमवारचा विषय कोणी काढायचा नाही. ‘डूलाली’ हे त्यातलं ओळखीचं नाव. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. पुढे मुंबईत तिच्या टॅपरूम झाल्या. नाव ऐकून युरोपातलं एखादं गाव डोळ्यांसमोर येतं. पण या शब्दामागचं गाव नाशिकला लागून आहे. ते म्हणजे आपली देवळाली.

इंग्रजी बोलीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला. मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’ असा होता. टॅपरूममधला टॅप म्हणजे पिंपाची तोटी. हा टॅप मात्र आपला ‘ताप’ आहे. देवळालीचा ताप! गोऱ्या सैनिकांनी गावाचं नाव आणि आपला शब्द, दोन्ही उचलले आणि आपल्या जिभेला जमेल तसे वळवले.

हा ताप आला कुठून? १८६१ मध्ये ब्रिटिशांनी देवळालीत लष्करी छावणी उभारली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि देवळाली मुंबई बंदराशी जोडली गेली. विलायतेहून आलेले सैनिक इथे उतरायचे, आणि भारतातली नोकरी संपलेले सैनिक परतीच्या जहाजासाठी इथेच थांबायचे. अडचण अशी, की सैनिकांची जहाजं वर्षभर सुटत नसत. हंगाम साधारण पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतचा. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली, तो कित्येक महिने अडकला.

नोकरी संपलेली, काम नाही, घर हजारो मैल लांब. आमच्याकडे प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला ‘बेंचवर’ बसवतात. दोन महिन्यांत त्याची झोप उडते. या लोकांच्या वाट्याला तर मलेरिया, गुप्तरोग, दारू आणि तुरुंगही होता. फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींच्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं नीट वागलेली माणसं देवळालीत वाट बघता बघता बिघडायची.

यात गावाचा दोष काय? देवळालीची हवा इतकी चांगली, की पुढे मुंबईची माणसं प्रकृती सुधारायला तिथल्या सॅनटोरियममध्ये जाऊन राहू लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सर्व्हरमध्ये नव्हता, शेड्युलमध्ये होता. वेळापत्रक लष्कराचं, पण वेडाला नाव चिकटलं गावाचं.

इंग्लंडात नेटलीच्या लष्करी इस्पितळात १८७० मध्ये मनोरुग्ण सैनिकांसाठी वेगळी इमारत उघडली. भारतातून मन हरवून परतलेले सैनिकही तिथे दाखल होत. म्हणजे आजार खरा आहे हे सरकारला ठाऊक होतं. बराकीत मात्र त्याला थट्टेचं नाव मिळालं, कारण सोबतच्या माणसाची भीती वाटण्यापेक्षा त्याच्यावर हसणं सोपं. ही थट्टा सैनिकांबरोबर घरी गेली. हळूहळू ‘टॅप’ गळून पडला, ‘डूलाली’ उरला. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका चालली. तिची सुरुवातही देवळालीच्या छावणीतच होते.

आणि मग हा शब्द बिअरच्या ग्लासावर बसून महाराष्ट्रात परत आला. टॅपरूमला असं नाव देण्यात गैर काही नाही. थोडं वेड लागावं म्हणूनच लोक तिथे जातात. इंग्रजांना ‘ळ’ म्हणता आला नाही, हेही समजू शकतं. पण आपल्या जिभेवर तो आहे. पुण्यामुंबईची पोरं ‘डूलाली’ म्हणतात, तेव्हा देवळाली त्यांना आठवत नाही, आणि जहाजाची वाट बघत तिथे खचलेली माणसंही आठवत नाहीत. निदान नाव घेताना एवढं माहीत असावं, की हा शब्द आधी कोणाचा तरी आजार होता.